टोपीची घडी आणि रापलेला चेहरा : अवघड उजेडातले फोटो रॉमधून कसे वाचवावेत

रामनवमी जवळ आली की शिर्डीकडे येणाऱ्या रस्त्यांवर पदयात्रींच्या पालख्यांची रीघ लागते. चैत्राचं ऊन, डांबरावरून वर येणारी झळ, आणि पालखीला पाणी-सरबत द्यायला रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली गावची माणसं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, उन्हात रापलेला चेहरा. राहाता तालुक्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला हा फोटो घ्यावासा वाटतोच, आणि नेमका हाच सगळ्यात जास्त वेळा बिघडतो. टोपी नीट आली तर चेहरा काळवंडतो. चेहरा नीट आला तर टोपीच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो.

असे फोटो बहुतेक जण घरी आल्यावर पुसून टाकतात, किंवा मोबाइलमधल्या एखाद्या फिल्टरने सरसकट उजळ करून मोकळे होतात. दोन्हीची गरज नसते. फोटो रॉ स्वरूपात घेतला असेल आणि थोडा धीर असेल तर त्या टोपीची घडी आणि त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दोन्ही एकाच चौकटीत आणता येतात. कसं, ते राहाता, शिर्डी, पुणतांबा, लोणी या पट्ट्यातल्या उजेडाच्या आधाराने सांगतो. इथे दिवसभरात अवघड उजेडाचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात.

रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने मोजलेला प्रकाश, त्यावर कॅमेऱ्याने शेवटचा हात फिरवण्याआधीचा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच प्रवासाला १६,३८४ पायऱ्या असतात. मात्र त्या सारख्या वाटलेल्या नसतात. सगळ्यात उजळ स्टॉपला, म्हणजे प्रकाशाच्या वरच्या निम्म्या भागाला, त्यातल्या ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८. असं उतरत सहाव्या स्टॉपपर्यंत पोचलो की हातात २५६ पायऱ्या राहतात. म्हणून गडद सावली फार वर ओढली की ती खरखरीत दिसते. पण तिथे माहिती थोडी का होईना, असते. उलट ज्या पिक्सेलची क्षमता भरून गेली, तिथे पुढचा प्रकाश मोजलाच गेलेला नसतो. जळालेली टोपी कितीही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तरी तिची घडी परत येत नाही. तिन्ही रंगांपैकी एखादाच भरला असेल तर उरलेल्या दोघांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. तिन्ही भरले असतील तर विषय संपला.

यातून फोटो घेतानाचा नियम निघतो : टोपीची घडी वाचवा, चेहरा नंतर बघू. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी धरतो. मागे हिरवागार ऊस किंवा काळी जमीन असेल तर तो जास्त प्रकाश आत घेतो आणि टोपी जाळतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. उलट पांढऱ्या कपड्यातले दहा जण समोर दाटीने उभे असतील तर मीटर घाबरून सगळंच अंधारं करतो. तिथे तेवढंच वर घ्यावं लागतं. जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असते, ती सुरू ठेवा. मात्र ती सूचना आणि मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम हे दोन्ही जेपेगवरून काढलेले असतात, रॉवरून नव्हे. त्यामुळे टोपीचा अगदी छोटा तुकडा लुकलुकत असेल तर रॉमध्ये तो बहुधा शाबूत सापडतो. सगळी टोपीच लुकलुकायला लागली तर पुन्हा फोटो घ्या. कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवली तर हा अंदाज आणखी खरा होतो.

आता तोच फोटो संगणकावर घेऊ. लाइटरूम, कॅप्चर वन, किंवा फुकट मिळणारी डार्कटेबल आणि रॉथेरपी, यांपैकी काहीही चालेल. नावं थोडी इकडेतिकडे होतात, काम तेच. समजा, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडून बसलेले एक आजोबा आहेत. दुपारचे साडेबारा वाजलेत. टोपी वाचवून घेतल्यामुळे फोटो एकंदर अंधारा आलाय.

पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स. भर उन्हात तो ५,२०० ते ५,५०० केल्विनच्या आसपास बसतो. तो ठरवल्याशिवाय उजेडाला हात लावू नका, कारण रंगाचं तापमान बदललं की लाल आणि निळा कमीजास्त होतात आणि जळालेल्या भागाचा हिशेबही बदलतो. मग एकंदर एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने वर घ्या. टोपी पुन्हा पांढरीफटक दिसायला लागेल. घाबरू नका, हायलाइटची पट्टी उणे ५० ते ६० कडे न्या. घडी दिसायला लागते, शिवणीची रेघ येते. इथेच थांबा. याहून खाली गेलात तर टोपी राखाडी होते, आणि उन्हातली पांढरी टोपी राखाडी झाली की पाहणाऱ्याला फोटोत काहीतरी खोटं आहे हे लगेच जाणवतं, कारण सांगता आलं नाही तरी.

मग शॅडो, साधारण अधिक ३० ते ४०. ही पट्टी शंभरपर्यंत नेणं हा आजचा सगळ्यात पसरलेला रोग आहे. सगळी सावली उचलली की दुपार राहत नाही. आजोबा, पाटी, मागचं झाड, रस्ता, सगळं एकाच उजेडात तरंगायला लागतं. ऊन कडक आहे हे डोळ्याला सावलीवरूनच कळतं. म्हणून शॅडो वर घेतल्यावर ब्लॅकची पट्टी थोडी खाली ओढा, उणे १० ते १५. चौकटीत कुठेतरी, पाटीच्या खाली किंवा वहाणेच्या कडेला, खरा काळा रंग उरला पाहिजे.

चेहऱ्याचं काम यानंतर, आणि ते वेगळ्या मास्कने. ब्रशने फक्त टोपीच्या कडेखालचा भाग रंगवा : कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या, गाल. कडा मऊ ठेवा. या मास्कमध्ये एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा. आता जवळून बघा, शंभर टक्के मोठं करून. टोपीच्या सावलीत असलेला कपाळाचा भाग किंचित निळसर दिसेल, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही, आभाळाचा उजेड पोचतो. हनुवटीच्या खालचा भाग मात्र त्या मानाने उजळ दिसेल, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून उलटलेला उजेड तिथे पडलेला असतो. म्हणून मास्कमध्ये कपाळ घ्या, हनुवटी घेऊ नका, आणि तापमान किंचित उबदार करा. गालाच्या उंचवट्यावर घामाची चमक असेल तर ती राहू द्या. सावळ्या कातडीचा आकार, तिची गोलाई त्या चमकेवर उभी असते. तीच पुसली की चेहरा मातीच्या सपाट थरासारखा दिसतो.

डोळ्यांत बुबुळावर आभाळाचा एक बारीक ठिपका असतो. तो सापडला तर त्याला थोडंसं उजळा. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र उजळू नका. शेतात आयुष्य काढलेल्या माणसाचे डोळे तांबूस-पिवळसर असतात, ते टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे शुभ्र केले की माणूस ओळखू येत नाही.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. फोटो उजळणं आणि माणूस गोरा करणं यांच्यात फरक आहे, आणि आपल्याकडे तो सर्रास विसरला जातो. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करण्याच्या काळापासून 'जरा उजळ करून द्या' ही मागणी चालत आली आहे. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत तर ती ठरलेलीच. आता मोबाइलचा सौंदर्य फिल्टर तेच काम न विचारता करतो. जगभर हीच कथा आहे. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुना कार्डं पुरवली, ज्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत, त्यांवर कित्येक दशकं गोऱ्या कातडीच्या स्त्रीचा फोटो असायचा. प्रिंटचे रंग त्या कातडीला बरोबर दिसेपर्यंत जुळवायचे, हाच शिरस्ता. सावळी माणसं त्या हिशेबात नव्हतीच. आज रॉ फाइल आपल्या हातात आहे. रंग कुणाच्या कातडीला जुळवायचे हे आपण ठरवू शकतो. असं असताना दिवसभर उसात राबणाऱ्या माणसाचा चेहरा नारिंगी रंगाची ल्युमिनन्स वाढवून गव्हाळ करून टाकणं मला पटत नाही. अंधारात बुडालेला चेहरा दिसेल एवढा वर आणायचा. त्याचा रंग त्याचाच राहू द्यायचा. पडताळा सोपा आहे : त्याच फोटोत त्याच माणसाचा हात उन्हात असतो. चेहरा हातापेक्षा गोरा दिसायला लागला की तुम्ही जास्त पुढे गेलात.

आठवडे बाजारातला उजेड याहून फसवा. डोक्यावर निळी ताडपत्री, शेजारच्या दुकानावर पिवळी, मधल्या फटीतून थेट ऊन. निळ्या ताडपत्रीखाली भाजीवालीचा चेहरा निळसर-करडा येतो, टोमॅटो जांभळट दिसतात, आणि राहात्याचे पेरू, जे हिरव्या-पिवळ्याच्या मधल्या एका नेमक्या छटेवर पिकतात, ते आजारी दिसतात. इथे एक व्हाइट बॅलन्स सगळ्या चौकटीला पुरत नाही. ताडपत्रीखालचा रंग बरोबर केला की बाहेरचा रस्ता नारिंगी होतो. बाहेरचं ऊन खरं धरून व्हाइट बॅलन्स ठेवा, आणि ताडपत्रीखालच्या भागाला मास्क करून तिथलं तापमान वाढवा, गरज पडली तर टिंट थोडी किरमिजी बाजूला न्या. दुकानात वहीचं कोरं पान किंवा वर्तमानपत्राची कोरी कड फोटोत आली असेल तर तिच्यावरून अंदाज घेता येतो. पण मर्यादा लक्षात ठेवा. निळी ताडपत्री तांबडा प्रकाश आत येऊच देत नाही. जो प्रकाश आलाच नाही तो पट्टी सरकवून येत नाही, लाल रंग ओढून आणला की त्यात खरखर येते. त्यामुळे ऐंशी टक्के सुधारलं की सोडून द्यावं. थोडा निळा राहिला तर राहिला, बाजारात ताडपत्री होती हे खरंच आहे. त्यापेक्षा फोटो घेतानाच दोन पावलं सरकून विक्रेतीचा चेहरा ताडपत्रीच्या कडेजवळ, बाहेरच्या उजेडाच्या वाटेत येईल असा कोन शोधला तर संगणकावरचं निम्मं काम वाचतं. पेरूच्या बागेतही हीच अडचण हिरव्या रंगात भेटते. पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवी झाक टाकतो. तिथे टिंट किरमिजीकडे पाच ते दहा सरकवली की पुरतं, पण फक्त चेहऱ्यावर, सगळ्या बागेवर नको.

झेंडूची गोष्ट वेगळी सांगायला हवी. दसऱ्याला शिर्डीत साईबाबांची पुण्यतिथी असते, १९१८ च्या विजयादशमीला त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत हारवाल्यांच्या दुकानांत झेंडूचे आणि गुलाबाचे ढीग असतात. फोटो एकंदर बरोबर दिसतो, हिस्टोग्रामही ठीक असतो, आणि तरी झेंडूच्या पाकळ्या एकमेकींत वितळून केशरी गोळा झालेला असतो. कारण फक्त लाल रंगाची पातळी टोकाला गेलेली असते. शेंदूर, गुलाल, भगवा झेंडा यांचंही हेच. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायची सवय लावा. सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर कमी करण्याआधी केशरी आणि लाल रंगांचं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवा आणि ल्युमिनन्स थोडी खाली घ्या. पाकळ्या सुट्या होतात. इथे लोक हमखास उलटं करतात, झेंडू आणखी भडक करतात.

शिर्डीच्या समाधी मंदिरात मोबाइल आणि कॅमेरा नेता येत नाही. तो नियम पाळावा, दर्शन डोळ्यांनी घ्यावं. पण तालुक्यातल्या आणि आसपासच्या कितीतरी लहान देवळांत पुजाऱ्याला विचारलं तर फोटो घेऊ देतात. तिथे गाभाऱ्यात समईचा उजेड, बाहेर सभामंडपात दाराबाहेरचं ऊन. समईच्या ज्योतीचं रंग तापमान साधारण १,९०० केल्विन. कॅमेरा किंवा सॉफ्टवेअरचा ऑटो व्हाइट बॅलन्स ते सोनेरी ऊबदारपण 'चूक' समजून धुऊन काढायला बघतो आणि मूर्ती करड्या उजेडात उभी करतो. तसं होऊ देऊ नका. पट्टी २,८०० ते ३,२०० च्या दरम्यान ठेवा. पांढरं धोतर पिवळसर दिसेल, आणि ते तसंच दिसायला हवं. समईत पांढरं धोतर कुणाच्याच डोळ्याला शुभ्र दिसत नाही.

दार आणि गाभारा दोन्ही चौकटीत हवे असतील तर एका फाइलवर सगळा भार टाकू नका. कॅमेरा खांबाला टेकवून स्थिर धरा आणि तीन फोटो घ्या : एक बरोबर, एक दोन स्टॉप खाली, एक दोन स्टॉप वर. लाइटरूममध्ये ते जोडले तर जोडलेली फाइलही रॉसारखीच लवचीक राहते. पुजारी हलला तर जोडणीत त्याचे दोन हात दिसतात, त्यासाठी हलत्या वस्तू दुरुस्त करण्याची सोय सुरू ठेवा. आणि तीन फोटो जोडून आलेलं चित्र जसंच्या तसं मान्य करू नका. त्यात गाभारा सभामंडपाइतकाच उजळ दिसतो. गाभारा अंधाराच असतो, त्याला पुन्हा थोडा अंधारात न्या.

पुणतांब्याला प्रश्न दगडाचा असतो. गोदावरीकाठचं हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीसाठी ओळखलं जातं, आणि अलीकडे १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपासाठी. घाट आणि जुनी देवळं काळ्या बेसाल्टची, मागे नदीवरचं उघडं आभाळ. काळा दगड प्रकाश गिळतो आणि आभाळ तो फेकतो, दोघांत सहा-सात स्टॉपचा फरक सहज पडतो. इथे आभाळासाठी ग्रेडियंट मास्क लावून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणा. पण देवळाचा कळस त्या मास्कमध्ये शिरतो आणि टोकाकडे काळाकुट्ट होत जातो. मास्कमधून कळस वजा करा. आजकाल बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आभाळ आपोआप निवडता येतं, लाइटरूमने ही सोय २०२१ मध्ये मास्कमध्ये आणली. ती वापरा, पण कळसाच्या आणि झाडाच्या कडांना शंभर टक्के मोठं करून पाहा. कडेने पांढरी किनार दिसत असेल तर आभाळ जास्त उतरवलंय. दगडाला शॅडो वाढवण्यापेक्षा थोडं टेक्श्चर द्या, टाकीचे घाव उठून दिसतात. त्याने दगड उजळ न होता वाचता येतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना गेलात तर यातलं निम्मं करावं लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

रात्रीची शिर्डी म्हणजे फलकांचा उजेड. लॉजचे निळे-जांभळे एलईडी फलक, पेढ्याच्या दुकानांतल्या पांढऱ्या नळ्या, हातगाडीवरचा पिवळा बल्ब. दोन गोष्टी फोटो घेतानाच सांभाळाव्या लागतात, कारण त्या नंतर वाचत नाहीत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर आडवे काळे पट्टे सहसा येत नाहीत. १/५०० वर, आणि विशेषतः आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, हमखास येतात. हे पट्टे रॉमधून काढणं फार किचकट काम आहे. काही फलकांची लुकलुक विजेच्या वारंवारतेशी जुळत नाही, तिथे दोन-तीन वेगवेगळे शटर करून बघावे. दुसरं, निळ्या एलईडीखालचा चेहरा. त्यात लाल जवळजवळ नसतोच. त्या चेहऱ्याला नैसर्गिक रंग आणायचा प्रयत्न करू नका. निळ्या-जांभळ्याचं सॅच्युरेशन उतरवा, तरी जमलं नाही तर फोटो कृष्णधवल करा. कृष्णधवल ही पळवाट मानली जाते, मला ती तशी वाटत नाही. पाच रंगांच्या दिव्यांनी चिरडलेला चेहरा कृष्णधवलात पुन्हा माणसाचा दिसतो, आणि पाहणारा दिव्यांकडे न बघता त्याच्याकडे बघतो.

पहाटेच्या काकड आरतीला निघालेली माणसं, रात्री उसाच्या गाड्या भरणारे मजूर, हे फोटो आयएसओ ३,२०० ते ६,४०० वर घ्यावे लागतात. आयएसओ वाढेल या भीतीने ८०० वर अंधारा फोटो घ्यायचा आणि घरी तीन स्टॉप उचलायचा, यात बहुधा काही हाती लागत नाही. ८०० चे तीन स्टॉप म्हणजे ६,४००च, आणि काही कॅमेऱ्यांत खरखर उलट वाढते. फायदा एकच असतो, ट्रॅक्टरचा दिवा किंवा पेटती शेकोटी जळत नाही. दृश्यात तसा दिवा असेल तर खालचा आयएसओ घ्या, नसेल तर बिनधास्त वर जा. संगणकावर आधी रंगीत खरखर काढा, म्हणजे सावलीतले तांबडे-हिरवे ठिपके. करडी खरखर थोडी राहू द्या. लाइटरूममध्ये २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी खरखर काढण्याची सोय आहे, आणि ती खरोखर चांगली आहे, पण पूर्ण जोरावर लावली की दाढीचे खुंट आणि घोंगडीची वीण गुळगुळीत होऊन जाते. तिची मात्रा ४०-५० वर ठेवून बघा.

थंडीत कालव्यांच्या पट्ट्यात सकाळी धुकं असतं, आणि साखर हंगामात त्यात धूर मिसळतो. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या भागाचा हिवाळा उसाचाच आहे : कारखान्याची धुराडी, रस्त्यावर उसाच्या गाड्या, तोडणी झालेल्या शेतात जळणारं पाचट. डिहेझची पट्टी या फोटोंचा नाश करते. अधिक १० ते १५ पुरे. ५० वर गेलात की धुकं जातं, आभाळ घाणेरडं निळं होतं आणि बैलांच्या पाठीवरची वाफही जाते, जिच्यासाठी तुम्ही एवढ्या पहाटे उठला होता.

मोबाइलवाल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बऱ्याच फोनमध्ये डीएनजी म्हणजे रॉ घेण्याची सोय असते, आणि लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत किंवा स्नॅपसीडमध्ये ती फाइल उघडता येते. पण रात्री साधी डीएनजी फाइल फोनच्या स्वतःच्या जेपेगपेक्षा वाईट दिसू शकते. फोन नाइट मोडमध्ये अनेक फोटो एकापाठोपाठ घेऊन जोडतो, साध्या डीएनजीत बहुधा एकच असतो. म्हणून रात्री फोनला त्याचं काम करू द्या. दुपारच्या उन्हात, टोपी आणि चेहऱ्याच्या भांडणात मात्र डीएनजी नक्की घ्या, तिथे ती कामाला येते. एसटीच्या खिडकीशी बसलेल्या मुलीचा फोटो, बाहेर ऊन आणि आत अंधार, हाही डीएनजीचाच विषय. खिडकी वाचवून घ्या, चेहरा मास्कने एक स्टॉप उचला, काम झालं.

हे सगळं कुठे बसून करता यालाही महत्त्व आहे. प्रवासात लॉजच्या अंधाऱ्या खोलीत, लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ करून संपादन केलं की सगळं छान दिसतं, आणि छापून आलं की फोटो काळा. पडद्याचा उजेड निम्म्यापर्यंत उतरवा, खोलीतला दिवा लावा, आणि त्याच रात्री शेवटचा हात फिरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं की आदल्या रात्री कुठे जास्त झालंय ते डोळ्यात भरतं. मूळ रॉला काही होत नाही, तुमचे बदल वेगळे नोंदले जातात, त्यामुळे कितीही वेळा मागे जाता येतं. रॉ फाइली जागा खातात, एकेक २५ ते ४० एमबीची असते, तरी त्या टाकू नका, दोन ठिकाणी ठेवा. दहा वर्षांपूर्वीची रॉ आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तेव्हा न निघालेली खरखर आता निघते.

शेवटचं काम छापण्याचं. ज्यांचे फोटो घेतले त्यांना एक प्रत द्या; पत्ता विचारून ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीत हातात नेऊन द्या. फाइल एसआरजीबी रंगात, ३०० पीपीआयवर काढा, आणि लॅबमध्ये देताना 'कलर करेक्शन करू नका' असं तोंडी सांगा आणि पाकिटावर लिहूनही द्या. नाहीतर तिथलं यंत्र तुम्ही तासभर बसून वाचवलेला सावळा चेहरा एका क्षणात उजळून टाकतं. मोठी प्रत काढण्याआधी सहा बाय चारची एक नमुना प्रत काढून दुपारच्या उजेडात, दाराशी उभं राहून बघा. टोपीची घडी दिसतेय आणि चेहरा हाताच्या रंगाचाच आहे, एवढं असलं की मोठी काढायला हरकत नाही.